एकशेआठची वही

प्रकल्प: गच्चीवर सूर्यनमस्कार, १२ पासून १०८ पर्यंत.
मुदत: २ डिसेंबर २०२४ ते रथसप्तमी, ४ फेब्रुवारी २०२५.
ठिकाण: सातारा, आमच्या इमारतीची गच्ची.
माणसं: अकरा. नोंदी ठेवणार मी. वय ५२, बँकेत हिशेब बघते, म्हणून हे आपसूक माझ्या गळ्यात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पार्किंगमध्ये बैठक. कल्पना तळमजल्यावरच्या नानांची. वय ६७, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, गेली तीस वर्षं रोज २५ नमस्कार. पहिल्या आठवड्यात रोज १२, मग दर आठवड्याला १२ वाढवायचे, रविवारी सुट्टी. नवव्या आठवड्यात बरोबर १०८ होतात आणि लगेच रथसप्तमी येते. आकडे इतके गोड जमले की सगळे खूश.

मी विचारलं, एवढे झेपतील का? भाचा म्हणाला, "मावशी, शरीर थकत नाही, मन थकतं." हे त्याने कुठल्या तरी रीलमध्ये ऐकलंय. नाना म्हणाले, समर्थ रोज बाराशे घालायचे असं सांगतात. सज्जनगड इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे साताऱ्यात हे उदाहरण कोणी खोडून काढत नाही.

मग ठरवलं, साध्या माणसाला किती म्हणजे जास्त, ते वहीलाच सांगू दे. रकाने: सकाळची नाडी (अंथरुणातून उठण्याआधी, मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट), झोपेचे तास, नमस्कारांचा आकडा, दुखणं शून्य ते दहा, आणि शेवटी "चिडचिड: हो / नाही". शेवटच्या रकान्यावर सगळे हसले.

२ डिसेंबर, सोमवार

पहाटे पावणेसहा. गच्चीची फरशी बर्फासारखी. सतरंज्या टाकल्या. प्रत्येकी १२.

घड्याळ लावलं होतं. एका नमस्काराला साधारण २५ सेकंद. म्हणजे १०८ ला ४५ मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस धरले तर २७० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम. म्हणजे शिखरावर पोहोचलो तरी आम्ही चौकटीतच. पण हे मध्यम धरलं तर. दम लागेल अशा गतीने घातले तर तेच २७० जोरदारच्या रकान्यात जातात आणि वरची रेघ केव्हाच ओलांडलेली असते. शिवाय ती रेघ म्हणजे धोक्याची पाटी नव्हे. तिच्या पुढे करू नका असं कुठेही लिहिलेलं नाही.

जाता जाता: रोजच्या दहा हजार पावलांचा आकडाही असाच गोड आहे. तो आला १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्रातून. यंत्राचं नाव मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आधी नाव ठेवलं, अभ्यास नंतर झाले. आमचा १०८ निदान जपमाळेतून आलाय.

५ डिसेंबर, गुरुवार

अंग सगळ्यांचंच धरलंय, विशेषतः मांड्यांच्या मागून. नवीन व्यायामानंतरचं हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. हे दुखणं वेगळं धरायचं. सांध्यात एका जागी बोट ठेवून दाखवता येतं ते दुखणं वेगळं लिहायचं. वहीत दोन खुणा केल्या: गोल आणि फुली.

१० डिसेंबर, मंगळवार

एका नमस्कारात नक्की काय काय होतं ते आज नानांना हळू घालायला लावून मोजलं. पाय मागे न्यायचा आणि पुढे आणायचा धरून गुडघा दोनदा खोल वाकतो. साष्टांगाला जाताना आणि तिथून उठताना मिळून एक जोर. आणि मधल्या जवळजवळ सगळ्या स्थितींत मनगट काटकोनात, त्यावर अंगाचा भार.

१०८ म्हणजे २१६ वेळा गुडघा, १०८ जोर. असं सांगितलं तर आमच्यातल्या निम्म्यांनी नावच दिलं नसतं. "नमस्कार" या शब्दाने सगळं सौम्य वाटतं. साताऱ्याच्याच जिल्ह्यातल्या औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, ते संस्थानातल्या शाळाशाळांत नेले. तिथे पोरं लहानपणापासून घालत होती. आम्ही पन्नाशीत सुरू करतोय, तेही नऊ आठवड्यांच्या बोलीवर.

१२ डिसेंबर, गुरुवार

२४ चा आठवडा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना अठराव्या नमस्काराला उठताना डोळ्यांपुढे अंधारी. बसवलं, पाणी दिलं. नाडी ८४, एरवी त्यांची ७८ असते. मार्गशीर्षातला गुरुवार, उपास. आदल्या रात्रीही नीट जेवल्या नव्हत्या.

१९ डिसेंबर, गुरुवार

वहिनींना परत अंधारी. वही मागे चाळली. त्यांचे सगळे वाईट दिवस गुरुवारचे, आणि पुढचा शुक्रवारही अर्धाच. त्यांना म्हटलं, उपास सोडा असं मी म्हणणार नाही, पण गुरुवारी नमस्कार सोडा. म्हणाल्या, "देवाच्या दिवशीच नमस्कार सोडू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नानांनी दिलं: "एकच घाल, पण मनापासून."

पोटात काही नसताना शरीर व्यायामाचा खर्च कुठून तरी भागवतंच. सारखी अशी तूट राहिली की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च कमी होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंतल्या या तुटीला वेगळं नाव देऊन निवेदन काढलं. खेळाडूकडे निदान आहारतज्ज्ञ असतो. वहिनींच्या मागे शाळेची नोकरी, दोन मुलं आणि उपासाची खिचडी.

२० डिसेंबर, शुक्रवार

स्वयंपाकाच्या ताई आजपासून गच्चीवर येणार नाहीत. चार घरचा स्वयंपाक करतात, आमच्याकडेही. मीच आग्रह करून त्यांना आणलं होतं, "तब्येतीला बरं" म्हणून. पहिले दोन आठवडे हसत आल्या. त्यांच्या ओळीत दुखणं ५, ५, ६, ६. झोप पाच तास, कधी साडेचार.

आज सरळ म्हणाल्या, "ताई, तुम्ही दिवसभर बसता म्हणून तुम्हाला हे लागतं. मी कणीक तिंबते, जिने चढते, दिवसभर उभी असते. मला बसायला लावलंत तर बरं होईल."

मी वहीत त्यांचे नमस्कार मोजले होते. पोळ्या मोजल्याच नव्हत्या. आमच्या अकराजणांत सर्वांत जास्त श्रम करणारं माणूस मी "सुरुवात करणारे" या गटात टाकलं होतं. हिशेबातली इतकी ढोबळ चूक बँकेत केली असती तर मेमो मिळाला असता.

२४ डिसेंबर, मंगळवार

रात्री वाचन. लोक "अति व्यायाम घातक" म्हणतात त्यामागे काय आहे ते शोधलं.

एक मोठं विश्लेषण २०१५ चं, अमेरिका आणि युरोपातल्या ६ लाख ६१ हजार लोकांचं. शिफारशीच्या तीन ते पाच पट व्यायाम करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के कमी. दहा पट किंवा त्याहून जास्त करणाऱ्यांतही ३१ टक्के कमी. म्हणजे फायदा एका जागी येऊन थांबतो, पण उलटा होत नाही. आणि शिफारशीपेक्षा कमी करणाऱ्यांनाही २० टक्के मिळतातच. पहिल्या थोड्याशा व्यायामाला सर्वांत जास्त व्याज!

दुसरा अभ्यास कोपनहेगनचा, त्याच वर्षीचा. "जास्त धावणं न धावण्याइतकंच वाईट" अशा बातम्या झाल्या त्या यावरून. आत बघितलं तर जोरदार धावणाऱ्यांच्या गटात जेमतेम चाळीसच्या आत-बाहेर माणसं आणि त्यांत मृत्यू २. दोन मृत्यूंवर उभी केलेली ती बातमी होती. मी असं कर्जप्रकरण मंजूर केलं नसतं.

स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या बर्फावरच्या शर्यतीत पुन्हा पुन्हा उतरणाऱ्यांत हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता जास्त दिसली, हेही खरं. पण तो आमच्या गच्चीचा प्रश्न नाही. आमचं अडतंय ते वेगळ्या जागी: हे सगळे अभ्यास मृत्यू मोजतात. मनगट, गुडघा, झोप, घरात कोणावर खेकसलो, हे तिथे कोणी मोजत नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

माझ्या ओळीत पहिली फुली. उजवं मनगट, अंगठ्याच्या बाजूला. सकाळी कुकरचं झाकण लावताना चमक आली.

मग बसून वाढीचा तक्ता केला, जो २९ नोव्हेंबरलाच करायला हवा होता. दर आठवड्याला १२ ची वाढ सारखीच दिसते. टक्क्यांत ती सारखी नाही. १२ वरून २४: शंभर टक्के. २४ वरून ३६: पन्नास. ३६ वरून ४८: तेहेतीस. शेवटी ९६ वरून १०८ ला फक्त साडेबारा. म्हणजे आम्हाला भीती होती शेवटच्या १०८ ची, आणि खरी उडी होती पहिल्या महिन्यात, जेव्हा सगळ्यांना "हे तर सोपंय" वाटत होतं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. ते हाडाला बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. दम वाढला, मांड्या भरल्या, मनगट मात्र मागेच राहिलं.

नानांना या तक्त्यात काही होणारच नाही. ते २५ वरून निघालेत, तेही तीस वर्षांच्या २५ वरून.

आजपासून मी मुठी टेकवून घालते, आणि ४८ ऐवजी २४.

४ जानेवारी, शनिवार

भाचा दवाखान्यात. काल रात्री दाखल केलं.

१ तारखेला जिममध्ये मित्रांची पैज, नव्या वर्षाच्या ५०० बैठका. याने पूर्ण केल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या, संडासात बसता येईना. वेदनाशामक गोळी घेऊन झोपला. काल संध्याकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तेव्हा घाबरून फोन केला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा, कारण अशा वेळी त्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. रक्तात सीके नावाचं स्नायूंतलं द्रव्य ३१ हजारांवर. एरवी ते दोनशेच्या आसपास असतं.

होतं असं: स्नायूचे तंतू फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन अडकतं. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार घेत लांबतो. सवय नसताना हीच हालचाल सर्वांत जास्त मोडतोड करते. सलाईन चालू आहे, लघवीचा रंग उतरतोय. मूत्रपिंडं वाचली असं सकाळी सांगितलं.

"मावशी, माझी सवय होती की. रोज साठ नमस्कार घालत होतो." नमस्काराची होती बाळा, बैठकांची नव्हती.

५ जानेवारी, रविवार

रात्रभर झोप नाही. पहाटे वही काढली.

भाच्याची ओळ. नाडी पहिल्या आठवड्यात ६२. २६ डिसेंबरपासून: ६८, ७०, ७१, ७१, ७३. झोप पाच तास, कारण पुण्याच्या कंपनीचं काम रात्री चालतं. संध्याकाळी जिम, ती त्याने वहीत लिहिलीच नाही आणि मीही विचारली नाही. "चिडचिड: हो" सलग पाच दिवस.

सगळं माझ्या अक्षरात. मी लिहिलं आणि पान उलटलं. नाडी चढलेली म्हणजे अति व्यायामच असं नसतं; सर्दी, जागरण, रात्रीची कॉफी, कशानेही चढते. एका आकड्यावरून तज्ज्ञही निदान करत नाहीत. पण पाच दिवस नाडी, झोप आणि चिडचिड तिन्ही एकाच दिशेला जात असतील तर विचारायला काय हरकत होती? नियम आज लिहिला, तोही लाल पेनने: स्वतःच्या नेहमीच्या नाडीपेक्षा पाच जास्त, तीन दिवस, तर त्या दिवशी निम्मे. कारण शोधायला नंतर वेळ आहे.

१२ जानेवारी, रविवार

नाना भाच्याला भेटायला आले. नारळपाणी, आणि सोबत एक जुनं पुस्तक, अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथाचं मराठी भाषांतर. म्हणाले, वाच, हे दोन-एक हजार वर्षांपूर्वी कळलेलं होतं. इतकं जुनं नसावं, पण जुनं खरंच. दिनचर्येच्या अध्यायात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं म्हटलंय. तेही बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्यांनी, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहूनही बेताने. आणि अति करणारा कसा नाश पावतो? हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा. भाच्याला ते फार आवडलं, त्याला त्यात फक्त सिंह ऐकू आला.

अर्धी शक्ती ओळखायची कशी? त्याची खूण सुश्रुतात आहे: व्यायाम करताना हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला की समजावं, अर्धं बळ खर्च झालं. म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागतो ती वेळ. आजचे डॉक्टर सांगतात ते याच्याच शेजारचं: बोलता येतंय पण गाता येत नाही, तोवर मध्यम, दोन-चार शब्दांनी धाप लागली की जोरदार. दोन्हीकडे मोजमाप आकड्याचं नाही, श्वासाचं आहे. म्हणून ते ६७ वर्षांच्या नानांनाही चालतं आणि मलाही.

उद्यापासून गच्चीवर आकडा मोठ्याने मोजायचा नाही. तोंड उघडलं की थांबायचं, दम खाली बसला की पुढे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ. सहाजण आले, काल भोगीच्या बाजरीच्या भाकरीने सगळे जड. बरं झालं.

१९ जानेवारी, रविवार

वहिनींचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.१. आम्ही महिनाभर उपासाला आणि नमस्काराला दोष देत होतो. थकवा, अंधारी, चढलेली नाडी, सगळं "जास्त व्यायामाचं" लक्षण म्हणून मी लिहून ठेवलेलं. अति व्यायामाचं निदान इतर सगळी कारणं बाजूला काढल्यावरच करायचं असतं, हे मी वाचलं होतं आणि विसरलेही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. मग "सर्वसाधारण माणसाला किती व्यायाम जास्त" या प्रश्नातला हा सर्वसाधारण माणूस कोण? आपल्याकडे तो माणूस या वयातली बाई असेल तर निम्म्याहून जास्त वेळा तिचं रक्त कमी असतं. तिला २४ नमस्कार जास्त होऊ शकतात. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात.

संध्याकाळी नानांशी तालमीवरून बोलणं. तरुणपणी ते वर्षभर कोल्हापूरला तालमीत होते. "हजार-हजार बैठका काढायचो," ते म्हणाले. मी विचारलं, मग दिवसभर काय? "मग काय, थंडाई, तूप, मालिश, दुपारी दोन तास झोप. पैलवानाला दुसरं काम नसतं गं." हजार बैठका लोक सांगतात, तूप आणि दुपारची झोप कोणी सांगत नाही. भाच्याने पाचशे काढल्या आणि रात्री नऊला लॅपटॉप उघडला.

२६ जानेवारी, रविवार

शेवटच्या टप्प्याची बैठक. १०८ करायचेच का? चौघे "हो" म्हणाले, तिघे "जमेल तितके", उरलेले गप्प. भाच्याला डॉक्टरांनी महिनाभर फक्त चालायला सांगितलंय, तोही गप्प बसणाऱ्यांतच. मनगट बरंय, पण मी ४० वर थांबलेय. लाज वाटत नाही असं नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

सूर्य उगवताना गच्चीवर नऊजण. वृंदावनापाशी रांगोळीचा रथ, दूध उतू घातलं.

चौघांनी १०८ पूर्ण केले, ५२ मिनिटं लागली. त्यांत दोघी पन्नाशीच्या, रोज अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणाऱ्या. त्यांच्या ओळीत अख्ख्या नऊ आठवड्यांत एकही फुली नाही. म्हणजे १०८ हा आकडा काही वाईट नाही. वहिनी ३०. मी ४०, मुठी टेकवून.

नाना ६१ ला थांबले. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ते सतरंजीवर बसले, नाकाने दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "तोंड उघडलं." रात्री नातवाच्या तापामुळे जागरण झालं होतं. सकाळची नाडी ६६ लिहिली होती, एरवी ५८. त्यांनी परत सुरू केलं नाही. बाकीच्यांचे होईपर्यंत आकडे पुटपुटत बसून राहिले.

९ फेब्रुवारी, रविवार

हिशेब बंद करायला बसले. अकरा ओळींतल्या सात पूर्ण. एकूण नमस्कारांची बेरीज केली आणि खोडली, त्या आकड्याचा कोणालाच उपयोग नाही. झोपेचा रकाना ठेवला.

संध्याकाळी ताई पोळ्या करायला आल्या तेव्हा ओट्याशी उंच स्टूल आणून ठेवलं होतं. बसून लाटता येतं का बघा म्हटलं. जरा उंच पडतंय, म्हणाल्या. पाय खाली टेकत नाहीत. उद्या सुताराला बोलावलंय.